सराफाचा काटा तपासता, मग रक्ताचा काहून नाही?

३० मे २०२४ ची दुपार नागपूरकर सहजासहजी विसरणार नाहीत. रामदासपेठेकडे कृषी विद्यापीठाच्या शेतावर हवामान खात्याचं ऑटोमॅटिक केंद्र आहे, त्याने त्या दिवशी तापमान दाखवलं ५६ डिग्री. छप्पन्न! झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर धिंगाणा सुरू, चंद्रपूरवाल्यांना चिडवणं सुरू (दरवर्षी उन्हाच्या शर्यतीत तेच पुढे असतात ना), टीव्हीवालेही धावले. मग खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण खात्याने सांगायच्या आधीच अर्ध्या शहराला शंका आली होती, कारण एक तर दुसरी काही केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती आणि वरून आपण सगळे त्याच उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून फिरत होतो, ४४ कसं लागतं ते आपल्या कातडीला पाठ आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली आहे. तो ५६ चा आकडा पकडला गेला कारण शेजारी दुसरं मशीन होतं आणि अंगालाही कळत होतं. जिथे शेजारी दुसरं मशीन नाही अन् अंगालाही काही कळत नाही तिथे चुकीचा आकडा पकडायचा कसा? असा एक आकडा आमच्या घरात दर महिन्याला येतो. आयएनआर.

ज्यांच्या घरी हा शब्द नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो त्याचा हा आकडा, जितका वर तितकं रक्त पातळ. आईच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे एक झडप, २०११ साली बदलला. लहानपणी तिचा घसा दुखायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे, खेड्यात कोण लक्ष देतं, तो रुमॅटिक ताप होता हे चाळिशी उलटल्यावर कळलं, जेव्हा जिना चढताना धाप लागायला लागली. आता छातीत बनावट झडप आहे, रात्री पंखा बंद असला की तिची टिकटिक ऐकू येते. अशा झडपेवर रक्ताची गुठळी बसायला वेळ लागत नाही, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची. आपल्याकडे बहुतेकांना एसिट्रॉम नाहीतर वॉर्फ चालू असते. गोळी कमी पडली तर गुठळी होणार, ती मेंदूत गेली तर लकवा, आणि गोळी जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव. दोन्हीच्या मधे एक अरुंद पट्टा आहे, आईच्या झडपेसाठी तो आयएनआर २.५ ते ३.५ असा सांगितलाय, आणि त्या पट्ट्यात राहायचं म्हणजे डॉक्टरांनी आकडा बघून अर्धी गोळी वाढवायची नाहीतर पाव कमी करायची. हिवाळ्यात मेथी-पालकाच्या जुड्या स्वस्त झाल्या की आईचा आयएनआर खाली येतो, एखादं अँटिबायोटिक पोटात गेलं की वर जातो. असा हा नाजूक मामला.

हे वाचून कोणी ना कोणी सांगणारच की अरे आता तर टेस्ट न लागणाऱ्या नवीन गोळ्या आल्यात. आल्यात, पण सगळ्यांसाठी नाहीत. बनावट झडपवाल्यांवर डॅबिगॅट्रान वापरून पाहिली तेव्हा गुठळ्याही जास्त अन् रक्तस्रावही जास्त, २०१३ मधे तो अभ्यास छापून आला, तोही मधेच थांबवावा लागला होता. रुमॅटिक आजाराने झडप खराब होऊन ज्यांचे ठोके अनियमित झालेत त्यांच्यावर रिव्हारोक्साबान देऊन पाहिली, २०२२ च्या त्या इन्व्हिक्टस नावाच्या अभ्यासात जुनी गोळीच सरस निघाली. रुमॅटिक हृदयरोग हा श्रीमंत देशांतून जवळजवळ गेलेला आणि आपल्याकडे ठाण मांडून बसलेला आजार आहे. म्हणजे जुनी गोळी आणि तिची टेस्ट आपल्याकडे अजून बरीच वर्षं राहणार, हे धरूनच बोलायला पाहिजे.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्या क्लिनिकमधे आम्ही जायचो तिथे लॅबऐवजी बोटाला टोचून लगेच आयएनआर सांगणारं मशीन आलं. ग्लुकोमीटरचा मोठा भाऊ समजा. एक थेंब रक्त, एक पट्टी, मिनिटाभरात आकडा. आई खूश, कारण तिच्या शिरा आता सापडतच नाहीत, दरवेळी दोन-तीनदा टोचावं लागायचं. तिथला टेक्निशियन पोरगा "काकू, आता त्रास संपला तुमचा" म्हणाला. दोन-तीन महिने बरे गेले अन् मग एका दिवशी मशीनने ४.८ दाखवलं. दोन दिवस गोळी बंद, मग कमी डोस, असं लिहून मिळालं. योगायोग असा की त्याच संध्याकाळी थायरॉइडसाठी लॅबवाला घरी रक्त न्यायला येणार होता, मी सहज त्यात पीटी-आयएनआर जोडायला सांगितलं. रिपोर्ट आला ३.१. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या लॅबमधे, ३.०.

आता ४.८ खरं असतं तर गोळी बंद करणं बरोबर होतं. पण ३.१ खरं असताना दोन दिवस गोळी बंद? एसिट्रॉमचा असर लवकर उतरतो, दोन दिवसांत आयएनआर दीडवर येऊ शकतो आणि मायट्रल जागेवरची झडप असल्या चुकीला माफ करेलच असं नाही. आम्ही फोन केला, डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट मागवले, गोळी चालू ठेवा म्हणाले. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणूनच हे शांतपणे लिहून राहिलो. पण मी जेव्हा क्लिनिकमधे विचारलं की हे मशीन तुम्ही शेवटचं कधी तपासलं, तर उत्तर आलं, "भाऊ, ते स्वतःच स्वतःला तपासते."

हे उत्तर खोटं नाही. या प्रकारातलं जे मशीन जगभर सगळ्यात जास्त चालतं त्याच्या प्रत्येक पट्टीत एक आतली तपासणी खरंच असते, पट्टी उन्हाने किंवा दमटपणाने खराब झाली असेल तर मशीन आकडाच देत नाही, एरर दाखवतं. चांगली सोय आहे, आणि सगळ्या कंपन्यांच्या मशीनमधे ती सारखी नसते हेही लक्षात ठेवा. पण ही तपासणी कशाची आहे? पट्टी शाबूत आहे का याची. आकडा बरोबर आहे का याची नाही. सराफाकडचा इलेक्ट्रॉनिक काटा चालू केला की सगळे आठ चमकून मग शून्य येतं ना, तसं ते आहे. शून्य दाखवणारा काटा दहा ग्रॅमला दहाच दाखवेल याची त्यात काही गॅरंटी नाही.

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. २०१८ साली अमेरिकेत रोशच्या कोॲगुचेक मशीनच्या पट्ट्या परत बोलवाव्या लागल्या, ११ लाखांहून जास्त डबे. जानेवारी ते ऑक्टोबर त्या पट्ट्या बाजारात होत्या. झालं असं होतं की जागतिक आरोग्य संघटनेचं २०१६ चं नवीन प्रमाण आलं, कंपनीने पट्ट्यांचं कॅलिब्रेशन त्या नवीन प्रमाणाला जुळवलं, आणि त्यात ४.५ च्या वरचे आकडे फुगून यायला लागले. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या एफडीएकडे नव्वदेक तक्रारी गेल्या, त्यात दोन पेशंटना स्ट्रोक आलेला होता. शेवटी कंपनीने परत जुन्या प्रमाणावर आणून पट्ट्या बदलून दिल्या. आता यातली गंमत, म्हणजे गंमत कसली, बघा की या पट्ट्या खराब झालेल्याच नव्हत्या. आतली तपासणी त्यांना पास करणारच होती. चूक पट्टीत नव्हती, पट्टीवरच्या अभिक्रियेचं आकड्यात भाषांतर करणाऱ्या हिशोबात होती, आणि तो हिशोब मशीन स्वतः तपासू शकत नाही. ती चूक पकडायला बाहेरचं दुसरं मशीन लागतं. रामदासपेठेच्या ५६ ला जसं शेजारच्या ४४ ने पकडलं तसं.

उलट्या बाजूची चूकही होऊन गेली आहे. अ‍ॅलिअर कंपनीचं आयएनरेशो नावाचं मशीन लॅबपेक्षा कमी आकडा दाखवायचं, २०१४ मधे इशारा आणि २०१६ मधे मशीनच बाजारातून गेलं. आणि हेच मशीन २०११ मधे छापलेल्या एका फार मोठ्या औषधचाचणीत, १४ हजारांवर पेशंट असलेल्या, वॉर्फरिनचा डोस ठरवायला वापरलं होतं, त्यावरून नंतर केवढा वाद झाला. म्हणजे मोठमोठ्या संशोधकांच्याही हातात ते होतं अन् त्यांनाही लगेच दिसलं नाही. आमच्या क्लिनिकमधल्या पोराला मी काय म्हणून दोष देऊ.

थोडं मशीनच्या पोटात जाऊ, कारण तिथेच खरी मेख आहे. लॅबमधे काय करतात तर शिरेतलं रक्त निळ्या झाकणाच्या ट्यूबमधे घेतात, त्यातला प्लाझ्मा वेगळा काढतात, त्यात थ्रोम्बोप्लास्टिन नावाचं द्रव्य टाकतात आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. बोटाच्या मशीनमधे ते द्रव्य पट्टीवर वाळवून ठेवलेलं असतं, अख्खं रक्तच त्याला लागतं, आणि मशीन बहुधा गुठळी बघतच नाही, गुठळीच्या आधीची रासायनिक घडामोड झाली की बारीकसा करंट येतो तो पकडतं. त्या सेकंदांवरून आयएनआर काढायचं सूत्र त्या लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या पट्ट्यांच्या) कोड चिपमधे भरलेलं असतं. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला जायचं आहे. अख्खं रक्त असल्यामुळे रक्त किती दाट यावरही आकडा अवलंबून असतो, म्हणून या मशीनला हिमॅटोक्रिटची (रक्तात लाल पेशींचा वाटा किती त्याची) हद्द दिलेली असते, साधारण २५ ते ५५ टक्के. आता विदर्भात सिकलसेल किती आहे ते इथल्या कोणालाही सांगायला नको, बायकांमधे रक्त कमी असणं तर घरोघरी. २५ च्या खालचे पेशंट आपल्याकडे कथेतले नाहीत, मेडिकलच्या (आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीच्या लाइनीत उभे असतात. बोट टोचायच्या आधी कोणी त्यांचं हिमोग्लोबिन विचारतं का? आईला तरी आजपर्यंत कोणी विचारलं नाही. अँटिफॉस्फोलिपिड नावाची अँटिबॉडी ज्यांच्या रक्तात असते त्यांच्यातही हे मशीन फसू शकतं, पट्टीच्या डब्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर तसं लिहिलेलं असतं. तो कागद कोणी वाचला असेल तर त्याला माझा नमस्कार.

आणि आपला उन्हाळा. या मशीनच्या पट्ट्या २ ते ३० डिग्रीत ठेवायच्या असतात आणि मशीन चालवायचं साधारण १८ ते ३२ डिग्रीच्या खोलीत. नागपूरच्या मे महिन्यात कुलर लावलेल्या खोलीतसुद्धा ३२ ची मारामार असते अन् वरून कुलरचा ओलावा. एसीवाल्या क्लिनिकचं ठीक आहे, पण डबा तिथपर्यंत कसा येतो? कुरिअरच्या गाडीत, गोदामात, कोणाच्या तरी टू-व्हीलरच्या डिक्कीत. जर्मनीत बसून लिहिलेल्या सूचना वर्धा रोडवरच्या दुपारी पाळल्या जातात की नाही हे बघणारं कोणीच नसतं.

तपासणी करतो म्हणणारे पण काय दाखवतात ते सांगतो. कंपनीचा माणूस रंगीत कागद दाखवतो, त्यावर एक तिरपी रेघ अन् तिला चिकटलेले ठिपके, आणि खाली लिहिलेलं की लॅबशी सहसंबंध (दोन आकडे सोबत वर-खाली होतात का त्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९५. ऐकायला भारी वाटतं. पण समजा इतवारीच्या सराफ्यात एक काटा आहे जो प्रत्येक वजनाला बरोबर एक ग्रॅम जास्त दाखवतो, पाचला सहा, दहाला अकरा, वीसला एकवीस. खऱ्या काट्याशी त्याचा सहसंबंध काढा, पूर्ण १ येईल, एकदम परफेक्ट. सोनं घ्याल का त्या काट्यावर? ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांनी १९८६ मधेच लॅन्सेटमधे हे लिहून ठेवलंय की दोन मापनपद्धती जुळतात का हे बघायचं तर सहसंबंध कामाचा नाही, प्रत्येक पेशंटमागे दोघांत फरक किती तेवढं बघा, आणि तो फरक कुठून कुठपर्यंत पसरतो ते बघा. चाळीस वर्षं होत आली. कागद अजून तोच.

मग किती फरक चालतो? आयएसओ १७५९३ नावाचं जागतिक प्रमाण आहे, खास घरी आयएनआर तपासायच्या मशीनसाठी, २००७ मधे आलं. त्या २००७ च्या आवृत्तीच्या हिशोबाने लॅबचा आकडा २ ते ४.५ मधे असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा मशीनचा आकडा ३० टक्क्यांच्या आत असला की मशीन पास. आता हे पेशंटच्या बाजूने वाचा. लॅब म्हणते ३.०. मशीन २.१ म्हणालं तरी पास, ३.९ म्हणालं तरी पास. आईचे डॉक्टर २.१ ला गोळी वाढवतात आणि ३.९ ला कमी करतात. म्हणजे प्रमाणात बसणाऱ्या दोन आकड्यांवर दोन उलट निर्णय. आणि उरलेल्या दहा वेळांचं काय, तर त्यांना मर्यादाच नाही. मी असं म्हणत नाही की चांगली मशीनं एवढी चुकतात, चांगली मशीनं यापेक्षा पुष्कळ बरी चालतात. पण डब्यावर प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहायचं असेल तर आधी प्रमाणपत्र काय म्हणतं ते माहीत पाहिजे.

इथे एक डॉक्टर मित्र मला नेहमी अडवतो. तो म्हणतो, लॅब तरी कुठे देवाघरची? आणि त्याचं बरोबर आहे, अगदी बरोबर आहे. आयएनआर कसा निघतो बघा, पेशंटचे सेकंद भागिले नॉर्मल माणसांचे सेकंद, आणि त्याचा घात म्हणजे आयएसआय. (हा हेल्मेटवरचा आयएसआय नाही, थ्रोम्बोप्लास्टिन किती संवेदनशील आहे त्याचा आकडा आहे, किटच्या डब्यावर छापलेला असतो.) पेशंटचे २४ सेकंद, नॉर्मल १२, गुणोत्तर २. आयएसआय १ असेल तर आयएनआर २.०. पण नवीन किट आलं ज्याचा आयएसआय १.२ आहे आणि कोणी मशीनमधे जुनाच १ ठेवला, तर खरा आकडा २.३ असताना रिपोर्ट निघणार २.०. ट्यूब रेषेपर्यंत भरली नाही, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (ट्यूबमधलं रक्त गोठू न देणारं द्रव्य) हे प्रमाण बिघडलं, की आकडा अजून भरकटला. गल्लीबोळातल्या लॅबमधे हे रोज होत असेल, आणि एनएबीएलचं (लॅबची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र घेणं आपल्याकडे लॅबच्या मर्जीवर आहे.

पण मित्राच्या या बोलण्यातून निष्कर्ष काय निघतो? त्याचा निष्कर्ष, मग मशीनवरच विश्वास ठेव. माझा निष्कर्ष उलटा. दोन्ही काटे डळमळीत असतील तर दोघांच्या वर तिसरा काटा पाहिजे. सोन्याच्या बाबतीत तो आहे. सराफाचा इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी वजनमापवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, त्यांची वजनं त्यांच्या वरच्या वजनांशी ताडलेली असतात, ती त्यांच्या वरच्यांशी, असं करत करत ती साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या किलोपर्यंत जाते. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. इतकंच काय, ताप मोजायचा थर्मामीटर आणि बीपीचं मशीन ही दोन्ही वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापाच्याच, २०११ च्या नियमांत आहेत. रक्ताची साखळीही कागदावर तशीच आहे, वर टोकाला जागतिक आरोग्य संघटनेचं संदर्भ थ्रोम्बोप्लास्टिन, आणि त्याची मोजणी कशी तर ३७ डिग्रीच्या पाण्यात काचेची नळी हाताने तिरपी करत करत, डोळ्याने गुठळी बघत, स्टॉपवॉच लावून. इतक्या मशीनांच्या मुळाशी माणसाचा हातच आहे, मला हे वाचून का कोण जाणे बरं वाटलं होतं. खालच्या टोकाला लॅबसाठी वेल्लोरच्या सीएमसीमधून चालणारी बाह्य गुणवत्ता योजना आहे, तिथून नमुने येतात, लॅबने आकडा काढून पाठवायचा, बाकीच्यांशी ताडून कळवतात. ज्या लॅब त्यात आहेत त्यांना निदान आपण कुठे उभे आहोत ते कळतं. तुटते ती साखळी शेवटच्या पायरीवर, क्लिनिकच्या टेबलावरच्या आणि पेशंटच्या कपाटातल्या मशीनवर.

कायदा नाही असं नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मधे झाले, २०१८ पासून लागू आहेत, २०२० मधे सगळीच उपकरणं त्या छत्राखाली आणली. उपकरणाने काही दगाफटका केला तर कळवायला २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाची योजनाही आहे, गाझियाबादहून चालते. पण हे सगळं मशीन बाजारात यायच्या दाराशी आहे, नाहीतर वाईट झाल्यानंतरचं. मधली जी पाच-सात वर्षं ते मशीन रोज लोकांची बोटं टोचत असतं त्या काळात ते बरोबर मोजतंय का, हे ठरावीक मुदतीने बघायची सक्ती कोणावर आहे? सराफावर आहे, पंपवाल्यावर आहे.

ब्रिटनमधे नाइस नावाची सरकारी संस्था आहे, तिने २०१४ मधे घरी तपासायच्या मशीनला हिरवा कंदील दाखवतानाच लिहून ठेवलं की पेशंटचं मशीन दवाखान्यातल्या मशीनशी वेळोवेळी ताडून बघा आणि ते दवाखान्यातलं मशीन बाह्य गुणवत्ता योजनेत असलं पाहिजे. मशीन आणि तपासणी एकाच शिफारशीत. आपण मशीन तेवढं आणलं.

आता मला मशीनचा शत्रू समजू नका. उलट हे मशीन गडचिरोलीला, मेळघाटला, गोंदियाच्या आतल्या गावांत आधी पोचलं पाहिजे असं माझं मत आहे. गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर, आतल्या तालुक्यातून तर अजून लांब, पहाटेची लालपरी पकडून गणेशपेठला उतरायचं, लाइन लावायची, रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं, मजुरी बुडाली ती वेगळी. अशा माणसाची टेस्ट चार-चार महिने होत नाही. त्याच्यासाठी थोडा इकडेतिकडे दाखवणारा आकडासुद्धा आकडाच नसण्यापेक्षा बरा. घरी तपासणाऱ्यांमधे गुठळ्यांचे प्रसंग कमी होतात हे कोक्रेनच्या (बरेच अभ्यास एकत्र करून बघणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यातही आलेलं आहे. पण दूरच्या माणसाकडे पडताळून बघायला दुसरी लॅबही नसते ना. आमच्यासारखं संध्याकाळी दुसरा रिपोर्ट काढायची सोय ज्याला नाही, त्याच्या हातातलं मशीन आधी तपासलेलं पाहिजे, नागपूरच्या एसी क्लिनिकमधलं नंतर तपासलं तरी चालेल.

आणि तपासणी म्हणजे काही रॉकेट उडवायचं नाहीये. एकाच पेशंटचं बोट आणि शीर एकाच बैठकीत टोचायची, शिरेचं रक्त त्याच दिवशी चांगल्या लॅबला, दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी. नवीन लॉटचा डबा फोडला की असे चार-सहा पेशंट. त्यात सगळे २ ते ३ वालेच नको, वरचे आकडेही पाहिजेत, कारण मशीन बिघडतं ते वरच बिघडतं. अर्ध्या पॉइंटच्या आत फरक असेल तर ठीक. कायम ०.३ जास्तच दाखवत असेल तर तेही एकवेळ चालेल, डॉक्टर तेवढं वजा करून वाचतील. कधी वर कधी खाली असं उड्या मारत असेल तर मात्र ते मशीन खोक्यात घाला. आणि मशीनने ४.५ च्या वर दाखवलं की डोस बदलायच्या आधी लॅबचा आकडा, अर्थात रक्तस्राव सुरू असेल तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. टोचायची पद्धतही पाळायची, कोमट पाण्याने हात धुवायचे, पहिलाच थेंब पंधरा सेकंदांच्या आत, बोट पिळायचं नाही. आमच्याकडे तर बोट असं पिळतात की लिंबू बरं.

माझी मागणी सोपी आहे आणि ती मी वजनमाप खात्याकडूनच उचललेली आहे. आठवडी बाजाराच्या गावात वजनमापाचे इन्स्पेक्टर कॅम्प लावतात, व्यापारी आपापले काटे घेऊन येतात, शिक्का मारून जातात. तसाच कॅम्प मेडिकल, मेयो नाहीतर मिहानच्या एम्समधे महिन्यातून एक सकाळ. ज्यांच्या घरी किंवा क्लिनिकमधे मशीन आहे त्यांनी ते घेऊन यायचं, बोट टोचायचं, तिथेच शिरेचं रक्त द्यायचं, दोन्ही आकडे आणि लॉट नंबर एका स्टिकरवर लिहून मशीनला चिकटवायचा, पुढची तारीख टाकायची. सरकार आरोग्य केंद्रांसाठी मशीन घेत असेल तर टेंडरमधेच लिहायचं की पट्ट्यांसोबत तपासणीचा खर्चही विकणाऱ्याचा. आणि क्लिनिकने वही ठेवायची, पेशंटने मागितली तर दाखवायची, पंपावरच्या पाच लिटरच्या मापासारखी.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप खर्चाचा नाहीच, पैशाचं काहीतरी जमतं, लॅबची टेस्ट काही शे रुपयांत होते. वजनदार आक्षेप माझ्या आईनेच घेतला. ती म्हणाली, "तू असं लिहिशील की मशीन चुकतात, मग लोक घाबरून गोळीच बंद करतील, त्याचं पाप कोणाला?" खरंच भीती आहे. आमच्या नात्यातच एकजण "रिपोर्ट काही खरे नसतात" म्हणत तीन आठवडे गोळीशिवाय राहिला होता. म्हणून इथे ठासून लिहितो, आकड्यावर शंका आली तर आकडा परत काढा, गोळीला स्वतःहून हात लावू नका, डॉक्टरांना विचारा. पण लोक घाबरतील म्हणून काटा तपासायचाच नाही हे मला पटत नाही, अन् सराफ्यात असं कोणी बोललं तर इतवारी त्याला उभं करणार नाही.

आई मात्र अजून त्या क्लिनिकमधेच जाते, तिला तो पोरगा आवडतो. तिच्या शंभर पानी वहीत आता दोन रकाने आहेत, बोट आणि लॅब, दर तिसऱ्या महिन्याला दोन्ही भरतो. मागच्या वेळी बोट २.९, लॅब २.७. परवा गेलो तर टेबलावर नवीन डबा दिसला, मी विचारलं लॉट बदलला काय, तर त्याने डबा उलटा केला, डोळे बारीक करून नंबर वाचला, आणि म्हणाला, "बदलला की भाऊ. थांबा, काकूंपासूनच सुरू करू." मग त्याने ड्रॉवरमधून एक कोरी वही काढली आणि स्केल शोधायला लागला.